श्रवण बाह्यकातील चेतापेशीचा प्रतिसाद कसा वाचावा

मेंदूच्या बाह्यकाचा जो भाग ऐकण्याशी निगडित आहे, त्याला श्रवण बाह्यक म्हणतात. प्रयोगशाळांत सर्रास ऑडिटरी कॉर्टेक्स हाच शब्द चालतो. माणसात त्याचा प्राथमिक भाग कानशिलाच्या आतील बाजूस, पार्श्व खाचेत दडलेल्या हेश्लच्या वळीवर असतो. या भागातील एखाद्या चेतापेशीची ओळख विद्यार्थ्यांना बहुधा एका वक्रावरून होते. आडव्या अक्षावर वारंवारता, उभ्या अक्षावर आवेगांची, म्हणजे पेशीने सोडलेल्या विद्युत संदेशांची, संख्या आणि मध्ये कुठेतरी एक शिखर, असा तो वक्र असतो. शिखराखालचा आकडा वाचून ‘ही पेशी १२ किलोहर्ट्झची’ असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. मात्र तो आकडा जितका पेशीचा असतो, तितकाच आपण वाजवलेल्या ध्वनींचा, मोजणीसाठी निवडलेल्या काळाचा आणि प्राण्याच्या त्या वेळच्या अवस्थेचाही असतो. हे सर्व घटक वेगळे कसे ओळखावेत, ते येथे क्रमाने सांगितले आहे. स्वतः नोंदी घेणाऱ्यांप्रमाणेच, इतरांनी खुल्या केलेल्या नोंदी पायथॉन किंवा मॅटलॅबमध्ये उघडून बसलेल्या वाचकालाही याचा उपयोग व्हावा.

प्रथम हाती काय आहे ते ओळखावे

पेशीच्या जवळ, परंतु पेशीच्या बाहेर ठेवलेल्या इलेक्ट्रोडला विद्युतदाबातील अत्यंत सूक्ष्म बदल मिळतात. ते सेकंदाला साधारण ३०,००० वेळा नोंदवले जातात आणि त्यातून काहीशे ते काही हजार हर्ट्झचा पट्टा गाळून घेतला की जेमतेम एक मिलिसेकंद टिकणारे टोकदार उंचवटे दिसू लागतात. हेच आवेग, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत स्पाइक. आवाज मोठा केला म्हणून आवेग उंच होत नाही. तो एकतर उमटतो किंवा उमटत नाही. चेतातंतूंमधील हे ‘सर्व किंवा शून्य’ तत्त्व एड्गर एड्रियन यांच्या नोंदींतून ठसले आणि त्यांना १९३२ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे उंचवट्याच्या उंचीवरून ध्वनीविषयी काही निष्कर्ष काढता येत नाही, आणि हाती उरते ती फक्त वेळांची एक यादी: अमुक मिलिसेकंदाला एक आवेग, तमुकला दुसरा.

ही यादी एकाच पेशीची आहे का, हे आधी तपासावे. एका इलेक्ट्रोडला शेजारच्या अनेक पेशी ऐकू येतात आणि आवेगांच्या आकारावरून त्यांची विभागणी संगणकीय प्रणाली करते. ती विभागणी डोळे झाकून स्वीकारू नये. आवेग उमटल्यानंतर पेशीला किमान एक ते दोन मिलिसेकंद विश्रांती लागते. म्हणून लागोपाठच्या आवेगांमधील अंतरांचा आयतालेख (हिस्टोग्राम) काढावा आणि एक मिलिसेकंदाहून कमी अंतराच्या जोड्या त्यात लक्षणीय प्रमाणात आढळल्यास यादीत दोन पेशी मिसळल्या आहेत असे धरावे. अशी मिश्र नोंद टाकून देण्याचे कारण नाही, मात्र तिला अनेक पेशींची नोंद असेच म्हणावे.

मग वाजवलेला ध्वनी तपासावा

या टप्प्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्पीकर सर्व वारंवारता सारख्याच तीव्रतेने वाजवत नाही. समजा, २० किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज १५ डेसिबलने पडत असेल, तर प्रत्येक पेशी त्या भागात ‘मंद’ दिसेल आणि तो मंदपणा पेशीच्या नावे लिहिला जाईल. म्हणून प्राण्याच्या कानाच्या जागी मायक्रोफोन ठेवून प्रत्येक वारंवारतेची तीव्रता मोजलेली असावी आणि ती २० मायक्रोपास्कल या संदर्भदाबाच्या तुलनेत डेसिबलमध्ये नोंदवलेली असावी. दुसऱ्याच्या नोंदी वापरताना ही माहिती सोबत नसेल, तर तीव्रतेविषयीचे कोणतेही विधान जपून करावे.

एका शब्दाबाबत येथेच सावध करणे बरे. एकाच वारंवारतेच्या ध्वनीला ‘शुद्ध स्वर’ म्हणण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे शुद्ध स्वर म्हणजे कोमल किंवा तीव्र नसलेला स्वर. तो तंबोऱ्यावर छेडला तर त्यात अनेक वारंवारता एकत्र असतात. म्हणून या लेखात ‘टोन’ हाच शब्द वापरला आहे. टोन एकदम सुरू केला तर आरंभी ‘टक्’ असा आवाज होतो आणि त्या टक्-मध्ये जवळजवळ सर्व वारंवारता असतात. मग पेशी टोनला उत्तर देते की त्या टक्-ला, हे कळण्यास मार्ग नाही. त्यासाठी टोनची सुरुवात आणि शेवट काही मिलिसेकंदांच्या उतारावर, साधारणपणे पाच मिलिसेकंदांत, चढवत आणि उतरवत नेतात.

वारंवारतांची निवड समान बेरजेने न करता समान गुणोत्तराने करावी. मंद्र षड्जापासून मध्य षड्जापर्यंत आणि मध्यापासून तार षड्जापर्यंत वारंवारता दर वेळी दुप्पट होते, तरी कानाला दोन्ही अंतरे सारखीच वाटतात. कर्णावर्तातील, म्हणजे आतल्या कानातील शंखाकृती नळीतील, पटलावर वारंवारतांची मांडणीही बहुतांशी याच हिशेबाने असते. उंदरासाठी ४ ते ६४ किलोहर्ट्झ ही चार सप्तके घेतली आणि प्रत्येक सप्तकाचे सहा भाग केले, तर २५ वारंवारता होतात. १० ते ७० डेसिबल अशा सात तीव्रता आणि प्रत्येक जोडीच्या दहा फेऱ्या धरल्या, तर १,७५० टोन होतात. दर अर्ध्या सेकंदाला एक टोन दिल्यास साडेचौदा मिनिटांत काम होते.

हे टोन चढत्या क्रमाने वाजवलेले नसावेत, त्यांचा क्रम यादृच्छिक असावा. एकच टोन वारंवार ऐकल्यावर बाह्यकातील पेशी त्याला मंदावते, पण दुर्मीळपणे येणाऱ्या दुसऱ्या टोनला ताजेपणाने उत्तर देते, हे उलानोव्स्की, लास आणि नेल्केन यांनी २००३ साली मांजराच्या प्राथमिक श्रवण बाह्यकात दाखवले. क्रमाने वाजवलेल्या टोनांत शेजारच्या वारंवारतांचा हा थकवा मिसळतो आणि वक्र एका बाजूला कलतो.

रास्टर पाहिल्याशिवाय सरासरी काढू नये

आता वेळांची यादी चित्रात मांडावी. प्रत्येक फेरीसाठी एक आडवी ओळ, टोन सुरू झाल्याचा क्षण शून्यावर आणि प्रत्येक आवेगासाठी एक ठिपका, अशा चित्राला रास्टर म्हणतात. माझ्या मते पेशीविषयी जे कळण्यासारखे आहे, त्यातले अर्धे येथेच कळते आणि पुढची बरीचशी गणिते येथे दिसलेल्या गोष्टीला आकडा देण्यापुरतीच असतात.

रास्टर आधी वरपासून खालपर्यंत पाहावे. पहिल्या फेऱ्यांत ठिपके दाट आणि शेवटच्या फेऱ्यांत विरळ असतील, तर पेशी मंदावली असेल किंवा इलेक्ट्रोड हळूहळू सरकला असेल. टोनच्या आधीच्या रिकाम्या काळातील ठिपकेही त्याच प्रमाणात विरळ होत गेले असतील, तर इलेक्ट्रोडवर संशय घ्यावा. एखाद्या ठिकाणी सलग पाच-सहा ओळी काळ्याकुट्ट आणि बाकीच्या कोऱ्या असतील, तर तेव्हा प्राणी हलला होता का, ते पाहावे. सरासरीत हे काहीच दिसत नाही. सहा बेभान फेऱ्या आणि चौऱ्याण्णव गप्प फेऱ्या यांची सरासरी शंभर शहाण्या फेऱ्यांच्या सरासरीइतकीच गोंडस दिसू शकते.

मग डावीकडून उजवीकडे पाहावे. टोन सुरू झाल्यावर पहिली दाट उभी पट्टी किती वेळाने येते? ध्वनीचा संदेश कर्णावर्तातून श्रवणचेतेत, तेथून मस्तिष्कस्तंभातील आणि मध्यमस्तिष्कातील केंद्रांत, मग थॅलॅमस या मेंदूच्या मध्यावरील केंद्रामध्ये आणि शेवटी बाह्यकात पोहोचतो. उंदीर, मांजर अशा प्राण्यांच्या प्राथमिक श्रवण बाह्यकात पुरेशा मोठ्या टोनला हा विलंब साधारण १० ते २० मिलिसेकंद असतो आणि टोन उंबरठ्याच्या, म्हणजे जेमतेम प्रतिसाद मिळवणाऱ्या तीव्रतेच्या, जवळ असेल तर तो वाढतो. शून्यानंतर दोन-तीन मिलिसेकंदांतच ठिपक्यांची सरळ रेघ दिसली, तर आनंदित होऊ नये; स्पीकरच्या तारेतील विद्युत खळबळ इलेक्ट्रोडने पकडलेली असण्याचीच शक्यता जास्त असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे एक मीटरवरील स्पीकरचा आवाज कानापर्यंत येण्यास जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. विलंब सांगताना तेवढे वजा करावे. स्पीकर दहा सेंटिमीटरवर असेल तर हा हिशेब सोडून दिला तरी चालेल.

पट्टी कोठे संपते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. काही पेशी टोनच्या आरंभी एक-दोन आवेग देऊन थांबतात, काही टोन चालू असेपर्यंत आवेग देत राहतात आणि काही टोन बंद झाल्यावरच जाग्या होतात. जुन्या ग्रंथांत श्रवण बाह्यकाची पेशी म्हणजे आरंभी एकदा उत्तर देऊन गप्प बसणारी पेशी, असे चित्र दिसते; त्यातील बराच भाग भूल दिलेल्या प्राण्यांवर काम केल्याचा परिणाम आहे. जाग्या मार्मोसेट माकडांत पेशीला तिच्या विशेष आवडीचा ध्वनी दिला तर ती तो संपेपर्यंत आवेग देत राहते, हे शियाओचिन वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले. आवडीचा नसलेला ध्वनी दिला तर तीच पेशी आरंभीच्या आवेगांवर थांबू शकते. म्हणजे ‘आरंभी उत्तर देणारी’ हे पेशीचे वर्णन आहे की आपण चुकीचा ध्वनी निवडल्याचे, हा प्रश्न उरतोच.

रास्टर नीट पाहून झाल्यावरच आयतालेख काढावा. काळाचे समान कप्पे करून प्रत्येक कप्प्यातील ठिपके मोजावेत. शंभर फेऱ्यांत मिळून पाच मिलिसेकंदांच्या एका कप्प्यात ३० ठिपके पडले, तर ३० भागिले (१०० गुणिले ०.००५) या हिशेबाने दर सेकंदाला ६० आवेग येतो. याचा अर्थ पेशीने कधी सेकंदभर ६० आवेग दिले असा नाही. दहापैकी तीन फेऱ्यांत तिने त्या कप्प्यात एकेक आवेग दिला, इतकाच आहे. कप्पा फार रुंद घेतला तर विलंबाची अचूकता हरवते आणि फार अरुंद घेतला तर नुसती काटेरी रेघ मिळते. दोन-तीन रुंदी वापरून पाहाव्यात आणि जी गोष्ट सर्वांत टिकते तीच खरी मानावी.

वारंवारता आणि तीव्रतेचा तक्ता

आता १७५ जोड्यांचा तक्ता करावा: आडव्या अक्षावर २५ वारंवारता, उभ्यावर सात तीव्रता आणि प्रत्येक चौकटीत दहा फेऱ्यांतील आवेगांची बेरीज. मोजणीचा काळ रास्टरवरून ठरवावा, सवयीने नव्हे. आरंभीचा आणि अखेरचा प्रतिसाद असणाऱ्या पेशीसाठी दोन स्वतंत्र तक्ते करावेत, कारण टोन बंद होताना मिळणाऱ्या उत्तराची आवडती वारंवारता आरंभीच्या उत्तराहून बऱ्याचदा निराळी असते.

कोणत्या चौकटीत खरा प्रतिसाद आहे, हे ठरवण्यासाठी पेशीची स्वतःची बडबड आधी मोजावी. शांततेत ती सेकंदाला चार आवेग देत असेल आणि मोजणीचा काळ ५० मिलिसेकंद असेल, तर दहा फेऱ्यांत दोन आवेग तसेही पडणार. पॉयसाँ वितरण (यादृच्छिकपणे पडणाऱ्या घटनांच्या मोजणीचे वितरण) मानले तर प्रमाण विचलन सुमारे १.४ येते, म्हणून सरासरीवर तीन प्रमाण विचलने, म्हणजे सात किंवा अधिक आवेग, ही मर्यादा ठेवता येईल. अशी मर्यादा ओलांडण्याची योगायोगाची शक्यता एका चौकटीसाठी अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. पण चौकटी १७५ आहेत, त्यामुळे एखादी चौकट निव्वळ योगायोगानेही उजळून निघेल. एकट्या पडलेल्या उजळ चौकटीकडे दुर्लक्ष करावे आणि शेजारी शेजारी उजळलेल्या चौकटींचा पुंजका शोधावा.

पुंजक्याचे खालचे टोक, म्हणजे सर्वांत कमी तीव्रतेला जिथे प्रतिसाद मिळतो ती वारंवारता, ही पेशीची वैशिष्ट्यपूर्ण वारंवारता होय. सर्वांत जास्त आवेग जिथे मिळतात, ती सर्वोत्तम वारंवारता. दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, आणि निबंध वाचताना सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पुंजका इंग्रजी व्ही अक्षरासारखा असेल, तर तीव्रता वाढत जाताना पेशी अधिकाधिक वारंवारतांना उत्तर देते आणि दोन्ही आकडे बहुधा जवळ असतात. पण बाह्यकात काही पेशींचा पुंजका बंद वर्तुळासारखा असतो: ठरावीक तीव्रतेपलीकडे आवाज वाढवला की उत्तर कमी होऊन थांबते. श्रवणचेतेतील तंतू असे वागत नाहीत. म्हणून मोठ्या आवाजाला गप्प राहणारी पेशी पाहून नोंद बिघडली असे समजू नये. अशा पेशीसाठी ७० डेसिबलला काढलेला एकच वक्र तिला बहिरी ठरवील. पट्ट्याची रुंदी सप्तकांत सांगावी आणि कोणत्या तीव्रतेला मोजली ते त्यासोबत लिहावे: ८ ते १६ किलोहर्ट्झ म्हणजे एक सप्तक, १० ते सुमारे १४ म्हणजे अर्धे.

तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे दमन. शांततेत जवळजवळ आवेगच न देणारी पेशी एखाद्या टोनने दाबली गेली, तरी शून्याचे शून्यच राहते. पेशीच्या आत शिरून घेतलेल्या नोंदी मात्र वेगळे चित्र दाखवतात. मायकेल वेअर आणि अँथनी झॅडर यांनी २००३ साली उंदरांच्या श्रवण बाह्यकात पाहिले की, ज्या वारंवारता पेशीला उत्तेजित करतात त्याच तिला दाबतातही. दमन फक्त काही मिलिसेकंद उशिरा येते. त्या मधल्या फटीतच आवेग निसटतो. आरंभीच्या उत्तराच्या वेळेत एवढी अचूकता कोठून येते, याचे हे मोठे कारण आहे. बाहेरून घेतलेल्या नोंदीत दमन पाहायचेच असेल, तर आवडता टोन सतत सोबत ठेवून दुसरा टोन फिरवावा आणि आवेग कोठे घटतात ते पाहावे.

टोनला उत्तरच न देणारी पेशी

इव्हान्स आणि व्हिटफील्ड यांना १९६० च्या दशकात भूल न दिलेल्या मांजरांत अशा पेशी आढळल्या की ज्या स्थिर टोनला उत्तर देत नसत, परंतु वारंवारता चढत किंवा उतरत गेली की जाग्या होत. आपल्या परिभाषेत, ज्यांना षड्ज किंवा पंचम नको, त्या दोहोंमधील मींड हवी, आणि तीही एकाच दिशेची. अशा पेशीसाठी टोनांचा तक्ता कोराच येतो.

येथे उलट दिशेने जावे. अनेक वारंवारता सतत आणि यादृच्छिकपणे चालू-बंद होणारा ध्वनी दीर्घकाळ वाजवावा, प्रत्येक आवेगाच्या आधीच्या १०० मिलिसेकंदांत काय वाजत होते त्याचा वर्णपट (कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा होती ते) उचलावा आणि अशा हजारो तुकड्यांची सरासरी काढावी. त्यातून एकूण ध्वनीची सरासरी वजा केली की वारंवारता आणि काळ यांचा नकाशा मिळतो. त्याला पेशीचे वर्णपट-कालिक प्रतिसाद-क्षेत्र म्हणतात. लाल डाग म्हणजे आवेगापूर्वी हटकून असलेली ऊर्जा, निळा म्हणजे हटकून नसलेली. प्रथम काळाचा अक्ष कोणत्या दिशेने काढला आहे ते पाहावे, कारण काही जण आवेगाचा क्षण डावीकडे ठेवतात, काही उजवीकडे. हे न पाहता तिरप्या डागावरून मींड चढती की उतरती ते सांगितले, तर उत्तर नेमके उलटे येते. लाल डागाच्या आधीच्या काळात त्याच वारंवारतेला निळा डाग असेल, तर ही पेशी शांततेनंतर येणाऱ्या आवाजाची चाहूल घेते, असे वाचावे.

ध्वनी यादृच्छिक नसून बोलणे किंवा पक्ष्यांचे आवाज असतील, तर ही साधी सरासरी दिशाभूल करते. नैसर्गिक ध्वनीत शेजारच्या वारंवारता एकत्र चढतात-उतरतात आणि पेशीला नको असलेली वारंवारताही केवळ संगतीने लाल दिसते. तो परस्परसंबंध गणिताने काढून टाकावा लागतो. आणि नकाशा कितीही देखणा असला तरी नोंदीचा एक भाग बाजूला ठेवून त्यावर तो तपासावा: या नकाशावरून वर्तवलेले आवेग आणि प्रत्यक्ष आवेग किती जुळतात? बाह्यकात हा मेळ बरेचदा निराशाजनक असतो, कारण पेशी बेरजेच्या नियमाने चालत नाही आणि नकाशा फक्त बेरीज जाणतो.

वेगाने येणाऱ्या टकटकींसाठीही निराळी दृष्टी लागते. श्रवणचेतेतील तंतू काही हजार हर्ट्झपर्यंत लहरीच्या तालाशी आवेग जुळवतात. बाह्यकातील पेशी सेकंदाला काही डझन टकटकींच्या पुढे मागे पडतात. लू, लिआंग आणि वँग यांनी २००१ साली जाग्या मार्मोसेटांत दाखवले की टकटकींमधील अंतर सुमारे २५ मिलिसेकंदांहून जास्त असताना पेशींचा एक गट तालावर आवेग देतो, तर त्याहून जलद टकटकींना दुसरा गट ताल सोडून केवळ आवेगांच्या दराने उत्तर देतो. म्हणून तालाशी जुळणी नसली, तरी प्रतिसाद नाही असे लिहू नये, दर मोजावा.

प्राणी काय करत होता

डेव्हिड ह्यूबेल दृष्टीवरील कामासाठी प्रसिद्ध आहेत. पण १९५९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या श्रवण बाह्यकात अशा पेशी नोंदवल्या होत्या की ज्या मांजराने ध्वनीकडे लक्ष दिले तरच उत्तर देत. फ्रिट्झ, शम्मा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना विशिष्ट टोन ओळखण्याचे काम शिकवले, तेव्हा काम चालू असताना काही मिनिटांतच पेशींच्या प्रतिसाद-क्षेत्रात त्या टोनच्या जागी बदल झाला. भूल, झोप, जाग, काम यांपैकी कोणती अवस्था होती, हे म्हणूनच आकृतीखालच्या ओळीत नव्हे, निष्कर्षातच लिहावे.

एका पेशीवरून शेजाऱ्यांविषयी बोलण्याचीही घाई नको. मांजरात वारंवारतांचा क्रमवार नकाशा वूल्सी आणि वॉल्झल यांनी १९४२ साली दाखवला आणि मर्झेनिक व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तो बारकाईने रेखला. पण २०१० साली उंदरांत एकेका पेशीचे चित्रण झाले, तेव्हा दुरून सुबक दिसणाऱ्या नकाशात शेजारच्या पेशी बऱ्याच विसंवादी निघाल्या. शिवाय इलेक्ट्रोडला बोलक्या पेशीच सापडतात. ह्रोमाड्का, डीवीस आणि झॅडर यांनी २००८ साली जाग्या उंदरांत, पेशीची बडबड न पाहता नोंदी घेतल्या, तेव्हा कोणत्याही क्षणी जोरकस उत्तर देणाऱ्या पेशी पाच टक्क्यांहून कमी भरल्या.

हे सर्व झाल्यावर नोंदवहीत पेशीचे वर्णन असे यावे: ‘जागा, काम न करणारा उंदीर, एकाच पेशीची नोंद, यादृच्छिक क्रमाने ५० मिलिसेकंदांचे टोन, आरंभीचा प्रतिसाद, ६० डेसिबलला विलंब १४ मिलिसेकंद, वैशिष्ट्यपूर्ण वारंवारता ११ किलोहर्ट्झ, उंबरठा २० डेसिबल, सर्वोत्तम वारंवारता १२ किलोहर्ट्झ, ४० डेसिबलला, त्यापुढे प्रतिसाद घटतो, ४० डेसिबलला रुंदी ०.६ सप्तक, अखेरचा प्रतिसाद १६ किलोहर्ट्झला, क्षीण, मींड वाजवून पाहिलेली नाही.’